चेकर साहेबांचं पाणी

४ फेब्रुवारी

ही डायरी टायरच्या दुकानातली. काम सोडताना मालकाने दिली. मागच्या वर्षाची आहे म्हणून वार जुळत नाहीत, पण तारीख ती तारीखच. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "लिहीत जा. कुठून कधी पळालास ते तुला तरी कळेल." माझं शिक्षण सातवीपर्यंत, आणि सातवीही अर्धीच. माझं अक्षर कधी कधी मलाच लागत नाही. चालेल. वाचणार कोण आहे.

टायरचं सोडलं, त्याआधी पार्सलचं सोडलं, त्याआधी भांड्यांचं. आता एजन्सीने एका आजारी म्हाताऱ्या माणसाकडे लावलंय. त्यांना अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं, आणि गिळता येत नाही. गिळायला गेले तर घास श्वासाच्या वाटेने जातो. म्हणून नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातलीय. अन्न, औषध, पाणी, सगळं त्यातून. तोंडाने थेंबही नाही.

आयुष्यभर बसमध्ये तिकीट चेकर होते. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना चेकर साहेबच म्हणतात. मी आत गेलो तसे माझ्याकडे वरून खाली बघत राहिले. माझा हात आपोआप खिशात गेला.

५ फेब्रुवारी

सिस्टर शिकवायला आली होती. नळी जागेवर आहे का ते आधी बघायचं, म्हणाली. मी म्हटलं, हे मला येतं. वाटीत पाणी घेतलं आणि नळीचं टोक त्यात बुडवलं.

"हे काय चाललंय?"

"बुडबुडे येतात का बघतोय."

"कुणी शिकवलं?"

"टायरवाल्याने."

सिस्टरने वाटी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाली, "हा पंक्चर नाहीये. नळी चुकून फुप्फुसात गेली असली आणि तू त्यात जेवण ओतलंस तर माणूस जाईल. कळलं?"

कळलं. तिने दाखवलेली रीत वेगळी आहे. सिरिंजने पोटातलं चमचाभर ओढायचं आणि कागदाच्या पट्टीवर टाकायचं. रंग बदलला म्हणजे आंबट आहे, म्हणजे पोट. मग पलंगाची डोक्याकडची बाजू वर करायची. सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडायची आणि नुसती नळकांड्यासारखी वर धरायची. आधी मापाने पाणी, मग पावडरचं दूध, मग परत मापाने पाणी. हात वर नेला की भराभर जातं, खाली आणला की सावकाश. दट्ट्याने ढकलायचं नाही. नंतर बराच वेळ त्यांना आडवं करायचं नाही.

मी विसरभोळा आहे. म्हणून करताना सगळं मोठ्याने बोलतो. "पट्टी. उशी वर. नळी चिमटीत. दट्ट्या बाहेर. पाणी." चेकर साहेब डोळे मिटून घेतात. त्यांची बायको, म्हणजे आजी, दारात उभी राहून माझ्या हाताकडे टक लावून बघते. विश्वास नाही बसत अजून. नवीन माणूस म्हटल्यावर असं होणारच.

ते दूध मी चाखून बघितलं. बिस्किट भिजवलेल्या पाण्यासारखं लागतं. बिस्किट काढून घेतलेल्या.

९ फेब्रुवारी

चेकर साहेबांना दिवसभर पाणी पाहिजे असतं. चांगल्या हाताचं एक बोट स्वयंपाकघराकडे रोखून बसतात. तिथे उकळून गार केलेल्या पाण्याचं पातेलं असतं. "पा," म्हणतात. पुढचं अक्षर निघत नाही.

मी सांगतो, "साहेब, पुढच्या वेळेला. माप ठरलेलं आहे."

ते असे बघतात की मीच बिनतिकीट आहे.

सिस्टरने स्पंजची काडी दिलीय. ती ओली करून ओठांवरून आणि जिभेवरून फिरवायची. तेवढं चालतं. तेवढ्याने त्यांचं काही होत नाही. ते परत बोट दाखवतात. आजी हे सगळं बघते आणि उठून दुसऱ्या खोलीत जाते.

त्यांची मुलगी, ताई, संध्याकाळी ऑफिसातून येते. बापावर जीव आहे तिचा, पण नळीकडे बघत नाही. दारात उभी राहून पंख्याला विचारते, "गेलं का सगळं?" पंख्याच्या वतीने मी सांगतो, "गेलं ताई."

१२ फेब्रुवारी

आजी माणूस चांगली निघाली. दुपारचं दूध देऊन झालं की म्हणते, "जा रे, पाय मोकळे करून ये. मी बसते यांच्यापाशी." माझ्या बुडाखाली कुणीतरी ठिणगी ठेवलीय हे तिला बरोबर कळलं. मी खाली जातो, कोपऱ्यापर्यंत चालतो, गॅरेजसमोर उभा राहून दुसऱ्यांची टायरं बघतो आणि परत येतो.

परत आलो की सिरिंज ओली असते. आजीला स्वच्छतेचं फार. मी धुतलेली वस्तू ती परत धुते. बोलून दाखवत नाही, हे विशेष.

१५ फेब्रुवारी

चेकर साहेबांनी बोट दाखवणं कमी केलंय. दुपारी तर अजिबात नाही. माणसाला कशाचीही सवय होते.

इथली हवा कोरडी आहे. पातेल्यातलं पाणी झाकण असूनही आटतं. सकाळी भरलेलं संध्याकाळी तळाला. मी आजीला म्हटलं तर म्हणाली, "हो, आटतं."

सिस्टर दोन आठवडे रजेवर जातेय. जाताना म्हणाली, "काही बिघडलं तर फोन कर."

१९ फेब्रुवारी

आज लिहिण्यासारखं आहे. चेकर साहेब आणि माझी दोस्ती झाली.

सकाळी उशी वर करत होतो तर त्यांनी चांगला हात पुढे केला. म्हणाले, "तिकीट."

दोन आठवड्यांत त्यांच्या तोंडून निघालेला पहिला पूर्ण शब्द. मी डायरीचं कोरं पान फाडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांत फिरवून बघितलं, दातात धरून कोपरा फाडला आणि मला परत दिलं. मग म्हणाले, "पुढे चला." मी पुढे चाललो. भिंत आली म्हणून थांबलो.

इतके दिवस ज्या माणसाने माझ्याकडे धड बघितलं नाही, तो आता चेष्टा करतो. दादाला सांगितलं. म्हणाला, "तुझ्यावर कुणीतरी खूश आहे म्हणजे नवीनच." मनातून त्यालाही बरं वाटलं असणार.

२१ फेब्रुवारी

साहेब एकदम शांत झालेत. दिवसाही डुलक्या काढतात. चेहराही भरल्यासारखा वाटतो. नळीचं दूध अंगी लागतंय. मध्ये एकदा उचकी लागली ती बराच वेळ थांबली नाही, तेवढंच.

जागे असले की बसमध्येच असतात. आज मला म्हणाले, "मागे जागा आहे." ताईला म्हणाले, "बाई, लहान मुलाचं अर्धं लागेल." ताई हसली. मग आत जाऊन नाक पुसत बाहेर आली. हसताना रडू येणारी माणसं असतात.

सिस्टरला फोन करावा असं एकदा मनात आलं. पण ती बिघडलं तर कर म्हणाली होती. सुधारणेचं काही बोलली नव्हती.

२२ फेब्रुवारी

आज सकाळी ओकले. मी कूस वळवली, तोंड साफ केलं आणि दूध देणं थांबवलं. शिकवलं होतं तसंच केलं. मग डोळे वर गेले आणि अख्खं अंग झटके द्यायला लागलं. पलंग सरकला. मी त्यांना कुशीवरच धरून ठेवलं. आजी मागून माझा शर्ट धरून उभी होती, आणि हॉस्पिटलची गाडी आली तरी तिने सोडला नाही. खालपर्यंत आम्ही तसेच गेलो.

आता हॉस्पिटलात आहे. बाकावर. पुढचं लिहवत नाही.

२३ फेब्रुवारी

डॉक्टर पोरगेलासा आहे आणि झोपेला आलेला आहे. म्हणाला, रक्तातलं मीठ फार खाली आलंय. पाणी जास्त झालं की मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते, माणूस भलतं बोलतो, झोपतो, मग झटके येतात. रक्तदाबाची एक गोळी चालू होती, तीही मीठ बाहेर टाकते. ती आता बंद केली.

म्हणजे ती दोस्ती नव्हती.

मी म्हटलं, "मग मीठ घाला."

"घालतोय. हळूहळू."

"हळूहळू कशाला? लवकर घाला ना."

"लवकर घातलं तर मेंदूला कायमची इजा होते. जेवढं हळू खाली आलं तेवढंच हळू वर न्यायचं." मग तो गेला. दुसऱ्या पलंगावरही कुणीतरी होतं.

सलाइनच्या थेंबाकडे बघत बसलोय. एक पडतो, दुसरा पडायच्या आत मी उठून दारापर्यंत जाऊन येतो. हळू करण्यात माझा हात कधी बसला नाही. चाकात हवा भरायची ती कडक होईपर्यंत, एवढंच मला माहीत.

२४ फेब्रुवारी

ताईने मला जिन्यापाशी बोलावलं.

"तू नळीतून किती पाणी देत होतास?"

"मापाने."

"आणि वरून?"

"वरून काही नाही ताई."

"मग काय छतातून गळलं त्यांच्या पोटात?"

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. आजी शेजारीच होती. ती हातातल्या पिशवीची घडी घालत होती. घडी घातली, उलगडली, परत घातली.

मग एजन्सीवाल्याचा फोन. "ताई म्हणतात तुला काढा. साहेब घरी जाईपर्यंत थांब, तोवर मी दुसरा मुलगा बघतो. चांगला आहे. दहावी झालेला."

मी माप सांडलं असेल का? कधी दोनदा दिलं असेल का? मोठ्याने बोलतो म्हणजे चुकत नाही असं मी धरून चालतो. रात्रीपासून एकेक दिवस आठवतोय. काही सापडत नाही. आणि सापडत नाही म्हणजे झालं नाही, असंही नाही.

२६ फेब्रुवारी

साहेबांनी डोळे नीट उघडले. आजीला ओळखलं. मला बघून कपाळावर आठी आणली. डॉक्टर म्हणाला, हे चांगलं लक्षण आहे.

दुपारी बाकावर आजी माझ्या शेजारी येऊन बसली. समोर बघत म्हणाली, "ते बोट दाखवायचे तेव्हा तुला काय वाटायचं रे?"

"वाईट वाटायचं."

"मग काय करायचास?"

"पुढच्या वेळेची वाट बघायचो."

"मला नाही बघवली." बाकावरची धूळ हाताने झटकली. "तू खाली गेलास की मी पाणी द्यायचे. थोडंसंच. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं यायचं... मग अजून थोडं. पाणीच तर आहे. विष थोडंच देत होते."

तेव्हा मला पातेलं आठवलं. ओली सिरिंज आठवली. गॅरेजसमोर उभा राहून मी दुसऱ्यांची टायरं बघत होतो तेही आठवलं.

मी विचारलं, "ताईला सांगितलं?"

"ती मला त्यांच्याजवळ फिरकू देणार नाही. दाराबाहेर बसवेल." मग म्हणाली, "तू तरुण आहेस. तुला कुठेही काम मिळेल."

हे खरं आहे. मला कुठेही मिळतं. आणि मी कुठेही सोडतो.

२७ फेब्रुवारी

सांगितलं तर आजीचा नवरा गेला, जिवंत असून. नाही सांगितलं तर दहावी झालेला मुलगा येईल, तोही दुपारी पाय मोकळे करायला खाली जाईल, आणि मग साहेब खरंच जातील.

दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "तू काय करणार?"

"पळावं म्हणतोय."

"पळ. पण या वेळी कशापासून पळालास ते मला सांगू नकोस."

आजीकडे गेलो. म्हटलं, "आजी, तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगणार. मला जिवावर येतंय, पण सांगणार."

ती म्हणाली, "चहा घेतलास का?"

१ मार्च

साहेबांना घरी आणलं. मीठ जागेवर आलंय. आता दिवसाला ठरलेलंच पाणी, औषधाचं धरून. सिस्टर रजेवरून परत आली, ती सगळं समजावून सांगायला आली होती. ताई होती. माझी बॅग दाराशी होती. एजन्सीवाला नवीन मुलाला घेऊन खाली येऊन थांबला होता, कारण लिफ्ट बंद होती आणि त्याला चढणं नको होतं.

दुधाची वेळ झाली. मी हात धुवायला निघालो तर आजी म्हणाली, "पाणी मी देत होते."

कुणी मान वळवली नाही. तिला वाटलं ऐकू गेलं नाही. परत म्हणाली, "हा खाली गेला की मी द्यायचे. नळीतून."

ताई म्हणाली, "आई, त्याला वाचवू नकोस."

"मी कशाला वाचवू?"

"तुला साधा मोबाईल चार्जिंगला लावता येत नाही. तू नळीला हात लावणार?"

आजी उठली. पदर खोचला, हात धुतले, कोपरापर्यंत धुतले. पलंगाची उशाकडची बाजू वर केली. सिरिंजने चमचाभर ओढून पट्टीवर टाकलं, पट्टी उजेडाकडे धरली, मान हलवली. नळी चिमटीत दाबली, दट्ट्या काढून दातात धरला. तो दातात मी कधी धरत नाही, एवढीच एक चूक. माप भरून पाणी ओतलं आणि हात वर नेला, मग थोडा खाली. एक थेंब सांडला नाही. आणि हे सगळं करताना ती पुटपुटत होती. "पट्टी. उशी वर. नळी चिमटीत. दट्ट्या बाहेर. पाणी."

माझ्या कानाला तो माझाच आवाज वाटला.

सिस्टर म्हणाली, "आजी, तुम्हाला कुणी शिकवलं?"

"हा शिकवतो की रोज. ओरडून ओरडून."

ताई पहिल्यांदाच नळीकडे बघत होती. पंख्याकडे नाही. आईच्या हातावरून तिची नजर हलत नव्हती. मग ती बाल्कनीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही. चेकर साहेबांनी एकेकाकडे बघितलं. त्यांना सगळं कळत होतं. पण चेहऱ्यावरून काही निघेल तर ते चेकर कसले.

ताई आत आली तेव्हा म्हणाली, "सिरिंज मी कपाटात कुलपात ठेवणार. किल्ली माझ्यापाशी."

आजी म्हणाली, "ठेव."

आजी पलंगाची कड धरून उभी होती. सिस्टर माझ्याकडे बघत होती की मी सिस्टरकडे, कोण जाणे. मी बोलून गेलो, "ताई, किल्ली नको. सकाळी दिवसाचं सगळं पाणी एका बाटलीत भरू या. बाटली आजीच्या ताब्यात. तिनेच द्यायचं, मी नाही. बाटली संपली की दिवस संपला. त्यांना तहान लागली की ती देते, तेवढं तर तिचं राहील."

"आणि तिने नळाचं भरलं तर?"

"मी खाली जाणार नाही."

हे मी कसं बोललो मला माहीत नाही. बोलताना पाय आधीच खाजत होते.

ताईने सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाली, करून बघा. ताईने मला विचारलं, "तू थांबणार आहेस?" मी म्हटलं, बॅग भरायला वेळ लागला होता, लगेच रिकामी करणं जिवावर येतं, पण करतो. एजन्सीवाल्याला फोन गेला. नवीन मुलगा बिचारा जिनाही न चढता परत गेला.

४ मार्च

चेकर साहेब पहिल्यासारखे झालेत, म्हणजे त्रासदायक. बोट रोखून बसतात. बोट आता स्वयंपाकघराकडे नाही, आजीकडे. आजी बाटली उचलून उजेडाला धरते, किती उरलंय ते बघते आणि म्हणते, "आत्ताच झालं ना. संध्याकाळपर्यंत पुरवायचंय." ते डोळे वटारतात. ती पण वटारते. मग स्पंजची काडी घेऊन जिभेवरून फिरवते. काल त्यांनी काडी दातात पकडली आणि सोडेनात. दोघांची ओढाताण झाली. मी मध्ये पडलो नाही. नवरा-बायकोचं आहे.

मला दुपारी खोलीत बसून राहावं लागतं. खुर्चीचे सगळे स्क्रू घट्ट केले. दरवाजाची करकर काढली. आता काही उरलं नाही.

६ मार्च

आज संध्याकाळी ताई आली तर आजीने बाटली तिच्यासमोर धरली. तळापासून चार बोटं पाणी शिल्लक.

"बघ," आजी म्हणाली. "वाचवलं."

ताईने बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "काल पण वाचवलं होतं. मी सांगितलं त्यांना, वाचवायचं नसतं. ऐकत नाहीत."

"आई, हे सगळं द्यायचं असतं. कमी झालं तरी त्रास होतो."

"जास्त झालं तेव्हा काय झालं ते बघितलंस ना? मी नाही देणार."

"आई, डॉक्टरांनी ठरवून दिलंय."

"मग डॉक्टरांनाच द्यायला सांग. माझा हात नाही उचलत आता." तिने बाटली टेबलावर ठेवली आणि हात पदरात गुंडाळून घेतले.

चेकर साहेब बोट रोखून होते. "पा," म्हणाले.

मी उठलो. ताई म्हणाली, "तू बस." पर्स खाली ठेवून ती हात धुवायला गेली. आली तेव्हा बाह्या वर केलेल्या होत्या. पलंगापाशी उभी राहिली. नळीला बोट लावलं आणि लगेच काढलं, इस्त्री तापलीय का बघतात तसं. मग धरली.

आजी जागची हलली नाही. लांबूनच म्हणाली, "चिमटीत दाब. दट्ट्या बाहेर. आता ओत. वर धर. एवढं वर नको. अगं खाली घे जरा, माणूस आहे तो."

"आई, तू सांगतेस का करतेस?"

"सांगते."

पाणी सावकाश खाली उतरलं. एक थेंब सांडला नाही. साहेबांनी बोट खाली घेतलं.

दादाचा फोन वाजत होता. मी उचलला नाही. बाटली विसळून पालथी घातली, सकाळी भरायला.